सतरा बाय नऊची चौकट

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोटांना एक शब्द इतका बसलेला असतो की तो झोपेतही टाइप होईल. तो शब्द म्हणजे 'येस'. नव्या मशिनवर एसएसएचने पहिल्यांदा लॉगिन करायला जावं, तर पडद्यावर येतं की या होस्टची ओळख पटवता येत नाही, त्याच्या कीचं फिंगरप्रिंट अमुक आहे, पुढे जायचंय का? अमुकच्या जागी असलेली अक्षरांची माळ कुणी वाचत नाही. बोटं येस टाइप करून मोकळी होतात. हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये माझ्या नोकरीची बरीच वर्षं या प्रश्नासमोर गेली. आधी उत्तर देणारी म्हणून, आणि नंतर आमच्या टीमने काय उत्तर द्यावं हे ठरवणारी म्हणून. हे आपल्याकडचंच आळशी वळण असावं, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग ऑकलंड विद्यापीठातले सुरक्षातज्ज्ञ पीटर गुटमन यांचा 2011 मधला लेख वाचनात आला. वापरणारे लोक एसएसएचच्या की तपासतात का, असा त्याचा विषय. लेखाच्या सारांशात एकच शब्द आहे : नाही.

प्रश्न मात्र फालतू नाही. 1995 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपले, आणि त्यामुळे तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहायला घेतलं. तोवर टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जायचा. एसएसएचमुळे तो झाकला गेला. पण बोलणं कितीही गुप्त असलं तरी समोर नक्की कोण आहे हे कळायला हवंच. मधे कुणी बसला आणि 'मीच तो सर्व्हर' म्हणाला, तर आपण आपला पासवर्ड मोठ्या बंदोबस्तात त्याच्याच हातात देणार. म्हणून प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःची होस्ट की असते. तिचा खासगी भाग सर्व्हरच्या डिस्कवरून हलत नाही, सार्वजनिक भाग तो येणाऱ्याला दाखवतो. फिंगरप्रिंट म्हणजे या सार्वजनिक भागाचा हॅश, त्यापासून गणिताने काढलेली छोटी खूण. एकदा येस म्हटलं की आपला क्लायंट ती की नोन-होस्ट्स फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी स्वतःच ताडून बघतो. माणसाची गरज दोनदाच पडते : पहिल्या ओळखीला, आणि की बदलली तर. नेमका याच दोन वेळी माणूस घाईत असतो.

की बदलल्यावर येणारा इशारा बघण्यासारखा आहे. ॲट द रेटच्या चिन्हांची जाडजूड चौकट, आत सगळी कॅपिटल अक्षरं, कुणीतरी काहीतरी वंगाळ करत असण्याची शक्यता आहे असा मजकूर, आणि लॉगिन बंद. नवा माणूस पहिल्यांदा हे बघतो तेव्हा खुर्चीत सावरून बसतो. मी नवीन होते तेव्हा शेजारच्या सीनियरने मान न वळवताच सांगितलं होतं, "अगं, ओएस परत टाकलं असेल. जुनी ओळ उडव आणि जा." आणि त्याचं बरोबरच होतं. मशिन पुन्हा बसवल्या जायच्या, एकीचा आयपी दुसरीला दिला जायचा, लोड बॅलन्सरमागचे सर्व्हर आळीपाळीने उत्तर द्यायचे. दर वेळी इशारा आणि दर वेळी कारण साधंच. कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या आमच्या फाइलमध्येसुद्धा हे छापलेलं होतं : इशारा आल्यास जुनी नोंद काढून टाकावी. काढण्याआधी कुणाला विचारावं, त्याचा उल्लेख नव्हता. पुढे आलेल्या पोरांनी स्क्रिप्टमध्ये स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंगपुढे 'नो' लिहून तपासणीचा विषयच मिटवला. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जो इशारा नेहमी खोटा ठरतो, तो माणसाला दुर्लक्ष करायलाच शिकवतो.

फिंगरप्रिंटची चित्रं आमच्याकडे आली ती एका अबोल सहकाऱ्यामुळे. तो लॉगिन करायचा तेव्हा त्याच्या पडद्यावर एक चौकट उमटायची; आत टिंबं, बेरजा, बरोबरची चिन्हं, मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. आम्हाला वाटायचं, यानं सजावट केलीय. आम्ही वापरत होतो त्या ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रॅमच्या 5.1 आवृत्तीत, म्हणजे जुलै 2008 मध्ये, व्हिज्युअलहोस्टकी नावाची ही सोय आली होती आणि कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की ती सुरू होत होती, हे त्याने विचारल्यावर सांगितलं. हॅशचं चित्र केलं तर माणसाला फरक चटकन कळेल, ही कल्पना एड्रियन पेरिग आणि डॉन साँग यांनी 1999 मध्ये मांडली होती. ओपनएसएसएचमध्ये ती आणली अलेक्झांडर फॉन गेर्नलर यांनी. नंतर दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या पद्धतीची चिरफाडही केली, 'द ड्रंकन बिशप' नावाच्या निबंधात. प्यायलेला बिशप. बुद्धिबळातला तिरका चालणारा उंट तोच हा.

हा झिंगलेला उंट कसा चालतो ते मी एका निवांत रात्रपाळीत आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढून पाहिलं. आडवी 17 घरं, उभी 9. उंट बरोबर मध्यभागी ठेवायचा. तिथे शेवटी एस लिहायचा. फिंगरप्रिंटमधला एकेक बाइट घ्यायचा, त्याचे बिट दोन-दोन करून वाचायचे, उजव्या टोकाची जोडी आधी. शून्य-शून्य आलं तर वर डावीकडे, शून्य-एक आलं तर वर उजवीकडे, एक-शून्य म्हणजे खाली डावीकडे, एक-एक म्हणजे खाली उजवीकडे. भिंत आडवी आली तर भिंतीच्या कडेने सरकायचं, कोपऱ्यात अडकला तर तिथंच उभं राहायचं. घरावर एकदा पाय पडला तर टिंब, दोनदा पडला तर छोटा ओ, तीनदा बेरीज, चारदा बरोबर, पाचदा चांदणी, पुढे मोठे बी, ओ, एक्स असं चढत जायचं. चाल संपेल तिथे ई. तेव्हा फिंगरप्रिंट एमडी5 या हॅश पद्धतीचं असायचं, 16 बाइटचं, म्हणजे 64 पावलं. उंट भिंतीला घासेपर्यंत एकाच रंगाच्या घरांवर राहतो, त्यामुळे चित्रात टिंबांच्या मधे एकाआड एक मोकळी घरं दिसतात. माझ्या कागदावरचं चित्र पडद्यावरच्या चित्राशी जुळलं तेव्हा पहाट झाली होती. एखादी गोष्ट हाताने करून पाहिली की तिची भीती आणि कौतुक दोन्ही ताळ्यावर येतात, तसं माझं झालं. दोन वेगळ्या वाटा त्याच घरांवरून तितक्याच वेळा जाऊ शकतात, म्हणजे दोन वेगळी फिंगरप्रिंटं एकच चित्र देऊ शकतात, हे मला निबंध वाचून नाही, खोडरबर हातात असताना उमगलं.

तरी आम्ही चित्रांच्या नादी लागलोच. रोजच्या सर्व्हरांची चित्रं छापून पार्टिशनवर टाचली. त्यांना नावंही पडली. पगाराच्या डेटाबेसचं चित्र उजवीकडे पिसारा फुलल्यासारखं होतं, तो 'मोर'. बॅकअपच्या मशिनचं सगळं खाली साचलेलं, ती 'गाळणी'. महिन्याभरात डोळ्यांना अशी सवय झाली की लॉगिन करताना चौकटीकडे मुद्दाम बघावं लागायचं नाही. घराखाली स्कूटर थांबली की आपल्या माणसाची की शेजाऱ्याची हे आवाजावरून कळतं, तसं काहीसं. रोजची असेल तर लक्षही जात नाही. वेगळी असली की कान टवकारतात. मात्र अनोळखी स्कूटर कुणाची, हे त्या आवाजावरून सांगता येत नाही. चित्राचंही तेच होतं. नव्या सर्व्हरचं चित्र पहिल्यांदा दिसायचं तेव्हा ते कुणाशी ताडायचं? पहिल्या ओळखीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला होता, आणि आमच्यातल्या उत्साही मंडळींना ते पटवायला मला बरंच डोकं खपवावं लागलं.

चित्रांनी खरी कमाई केली ती भलत्याच ठिकाणी. एका नव्या ग्राहकाचं काम आलं होतं, ओळीने बसवलेल्या व्हर्च्युअल मशिनचं. ट्रेनिंगमधली एक मुलगी एकेका मशिनवर जाऊन डिस्क किती भरलीय ते टिपत होती. अर्ध्या तासाने तिने मला विचारलं, "मॅम, ही सगळी एकच मशिन आहे का?" मी म्हटलं, नाही, नावं वेगळी आहेत, आयपी वेगळे आहेत. ती म्हणाली, "पण रांगोळी तीच येतेय."

ती म्हणत होती ते खरं होतं. प्रत्येक लॉगिनला तंतोतंत तेच चित्र. कुणीतरी एक मशिन नीट बसवून तिचा टेम्प्लेट केला होता आणि बाकीच्या सगळ्या त्याच्यावरून क्लोन केल्या होत्या. टेम्प्लेटमधल्या होस्ट की तशाच सगळीकडे गेल्या होत्या. याचा अर्थ, त्यांतल्या सगळ्यात बिनमहत्त्वाच्या चाचणीच्या मशिनवर ज्याला रूट, म्हणजे सर्वाधिकार, मिळेल, त्याच्या हाती मुख्य सर्व्हरचीही खासगी की पडणार, आणि मग त्याने मुख्य सर्व्हरचं सोंग घेतलं तर कुणालाही इशारा येणार नाही. गंमत म्हणजे या मशिनच्या यादीत फिंगरप्रिंटचा स्वतंत्र रकाना होता. त्यात तीच माळ ओळीमागून ओळ लिहिलेली होती. ऑडिटवाले ती यादी बघून गेले होते. रकाना भरलेला आहे ना, एवढंच त्यांनी पाहिलं. टेम्प्लेटमधून की काढून टाकणं आणि पहिल्यांदा सुरू होताना मशिनने स्वतःची नवी की बनवणं हा दुपारभराचा उद्योग. नंतर सगळ्यांना येणाऱ्या इशाऱ्यांची उत्तरं देण्यात आठवडा गेला. त्या मुलीला मात्र त्या वर्षी चांगलं रेटिंग मिळालं. मी भांडून मिळवलं.

पार्टिशनवरची चित्रं फार दिवस टिकली नाहीत. मार्च 2015 मध्ये आलेल्या ओपनएसएसएच 6.8 ने फिंगरप्रिंटसाठी एमडी5 सोडून एसएचए-256 घेतलं. आमच्याकडे ते ओएस बदलताना पोचलं. की त्याच, सर्व्हर तेच, पण सगळी चित्रं एका रात्रीत वेगळी. आता 32 बाइट, म्हणजे 128 पावलं, त्यामुळे चित्रं जास्त दाट. मोर गेला, गाळणी गेली. जुनं चित्र हवं तर कॉन्फिगमध्ये एमडी5 मागता येत होतं, आणि एकाने तसं करून ठेवलंही होतं. मी ते काढायला लावलं. त्याच सुमारास नवे क्लायंट आरएसए सोडून ईडी25519 सारख्या नव्या जातींच्या की पसंत करायला लागले होते. एका सर्व्हरजवळ दोन-तीन जातींच्या की असतात, आणि क्लायंट जी मागेल तिचं चित्र येतं. म्हणजे कुणी काही वाईट न करताही चित्र बदलायची दोन कारणं आमच्या समोरच होती. नवा लॅपटॉप मिळालेला एक जण रात्री घाबराघुबरा होऊन फोन करायचा, चित्र वेगळं येतंय म्हणून. त्याला समजावताना माझ्या लक्षात आलं की आम्ही चित्रांना सर्व्हरचे चेहरे समजायला लागलो होतो. प्रत्येक चित्र होतं फक्त एका कीच्या एका हॅशचं रूप.

पहिल्या ओळखीचा प्रश्न तर अजून तसाच होता. नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमच्या ग्राहकाचे रॅक होते. डिस्क बदलून एक सर्व्हर नव्याने उभा केला होता, आणि मी हट्ट धरला होता की यावेळी कन्सोलवर उभ्या असलेल्या माणसाने फिंगरप्रिंट वाचून दाखवल्याशिवाय कुणी येस म्हणायचं नाही. तिकडचे गृहस्थ वयाने मोठे होते. पाठीमागे पंख्यांचा असा आवाज की दोघेही ओरडून बोलत होतो.

"मॅडम, वाचू?"

"वाचा."

"कॅपिटल क्यू. स्मॉल एल."

"एल की कॅपिटल आय?"

"थांबा, चष्मा लावतो."

नव्या पद्धतीच्या फिंगरप्रिंटमध्ये 43 अक्षरं असतात, लहान-मोठी मिसळलेली, मधे आकडे, मधेच तिरकी रेघ. दहाव्या अक्षराला ते वैतागले. "मॅडम, खाली ते नक्षीकाम आहे ना, ते सांगू का?" मी म्हटलं, सांगा. "एसच्या डावीकडे टिंब आहे. त्याच्या वर मोकळं... नाही, मोकळं नाही, ओ आहे. छोटा की मोठा ते दिसत नाही." चित्र फोनवर सांगण्याचा तो माझा पहिला प्रयोग आणि मी तो पुन्हा केला नाही. डोळ्यांना जे एका नजरेत कळतं, ते तोंडाने सांगायला अक्षरांपेक्षा जास्त वेळ लागतो. आम्ही पुन्हा अक्षरांवर आलो. त्यांनी विचारलं, "पहिली चार आणि शेवटची चार सांगितली तर चालेल का?" बहुतेक ठिकाणी चालतंच. पण 2003 मध्येच द हॅकर्स चॉइस या गटाने असा प्रोग्रॅम काढला होता की जो की बनवत राहतो आणि ज्यांचं फिंगरप्रिंट सुरुवातीला आणि शेवटी खऱ्यासारखं दिसतं तेवढ्या निवडून ठेवतो, माणूस टोकंच बघतो हे धरून. मी त्यांना मधली बारा विचारली. ते म्हणाले, "तुम्ही फार कडक आहात," आणि वाचली.

एप्रिल 2019 मध्ये आलेल्या ओपनएसएसएचच्या 8.0 आवृत्तीने हे दुखणं बरंच हलकं केलं. 'पुढे जायचंय का' या प्रश्नाला येसऐवजी फिंगरप्रिंटच चिकटवून उत्तर देता येतं. जुळलं तर लॉगिन पुढे जातं, नाहीतर प्रश्न पुन्हा येतो. आता कन्सोलवरचा माणूस फिंगरप्रिंट तिकिटात टाकतो, आम्ही तिथून उचलून चिकटवतो, ताडून बघायचं काम मशिन करतं. ते तिकीट मात्र त्याच नेटवर्कवरून, त्याच सर्व्हरमधून आलेलं नको. क्लाउडवरच्या मशिनचं असेल तर पहिल्या बूटच्या कन्सोल लॉगमध्ये फिंगरप्रिंट छापून येतं, ते तिथून घ्यायचं. हे नव्या मुलांना सांगताना मी चित्राचा विषय काढतच नाही. 2017 मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी लोकांकडून वेगवेगळ्या प्रकारची फिंगरप्रिंटं ताडून घेतली होती, युनिकॉर्नच्या चित्रांसकट. चित्रं पटपट ताडता येतात आणि लोकांना सोपी वाटतात, पण मुद्दाम मिळतंजुळतं चित्र पुढे केलं तर काही प्रकारच्या चित्रांना माणसं जास्त फसतात, असं त्यातून दिसलं. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

एका ग्राहकाकडे जे घडलं त्याने आमच्या कामाची दिशा बदलली. काढून टाकलेल्या सर्व्हरचा आयपी बाहेरच्या एका पुरवठादाराच्या चाचणीच्या मशिनला दिला गेला होता, आणि हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांच्या ॲडमिनला इशारा आला. त्याने शिकवल्याप्रमाणे जुनी ओळ उडवली, येस म्हटलं आणि पासवर्ड टाकला. लॉगिन झालं नाही म्हणून पुन्हा टाकला, मग दुसरा टाकून पाहिला. त्या मशिनवर कुणी ते टिपून ठेवत होतं का, हे कधीच कळणार नव्हतं, त्यामुळे ते सगळे पासवर्ड गेलेच असं धरून रात्रभर बदलत बसावं लागलं. पासवर्डऐवजी स्वतःची की वापरून लॉगिन केलं असतं तर खासगी की तिकडे गेलीच नसती. सकाळी बैठकीत ग्राहकाचे मॅनेजर म्हणाले, लोकांना अवेअरनेसचं ट्रेनिंग द्या. मी म्हटलं, ट्रेनिंगच तर झालंय, गेली कित्येक वर्षं. इशारा आला की ओळ उडवायची हे लोक आमच्याकडूनच शिकलेत.

त्यानंतर आम्ही लोकांना नीट बघायला शिकवण्याचा नाद सोडला आणि बघावं लागण्याच्या वेळा कमी करायला लागलो. ओएस परत टाकताना जुन्या होस्ट की जपून ठेवायच्या आणि परत घालायच्या, म्हणजे इशारा येतच नाही. लोड बॅलन्सरमागच्या मशिनपर्यंत थेट न जाता जंप सर्व्हर म्हटल्या जाणाऱ्या मधल्या मशिनवरून नावानिशी जायचं. आणि होस्ट सर्टिफिकेट. ही सोय ओपनएसएसएचमध्ये मार्च 2010 पासून, 5.4 आवृत्तीपासून आहे, पण आमच्याकडे कुणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं. आपली एक सही करणारी की ठेवायची, तिने प्रत्येक सर्व्हरच्या होस्ट कीवर सही करायची, आणि सगळ्यांच्या नोन-होस्ट्समध्ये त्या एकाच सहीवर भरवसा ठेवणारी ओळ टाकायची. मग नवा सर्व्हर आला तरी येसचा प्रश्न पडत नाही. सही करणारी की सांभाळण्याची जोखीम वाढते, ती वेगळी. ती की कुठे आहे हे फार थोड्यांना माहीत आहे.

24 मार्च 2023 ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली; तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता, असं त्यांनीच जाहीर केलं. त्या दिवशी जगभरातल्या प्रोग्रॅमरना ॲट द रेटची ती चौकट दिसली. आमच्या चॅनलवर नुकत्याच लागलेल्या एका पोराने स्क्रीनशॉट टाकून विचारलं, "हे काय आहे? हात लावू का?" त्याने हा इशारा आमच्याकडे आजवर पाहिलाच नव्हता. मी त्याला गिटहबच्या संकेतस्थळावर छापलेलं नवं फिंगरप्रिंट बघून मगच जुनी ओळ काढायला सांगितलं. ज्यांच्याकडे ईडी25519 होती, त्यांना काहीच दिसलं नाही, आणि ते दुपारपर्यंत विचारत होते की एवढा गोंधळ कसला चाललाय.

चित्राची ओळ अजून माझ्या कॉन्फिगमध्ये आहे, फक्त जंप सर्व्हरसाठी. टीममधली एक जण म्हणते, पडद्यावरच्या अकरा ओळी फुकट जातात, काढून टाका. तिच्या मशिनवर तिने काढलीय. स्क्रिप्टांमधून तर ती मीच काढायला लावली. रात्रीच्या लॉग फाइलमध्ये उंटाच्या वाटा भरून यायच्या आणि खरी चूक शोधायला वेळ जायचा.